रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार झालाच असं नसतं

पावसाळा लागला की जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्याच्या ओपीडीत जा, एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टरसाहेब, रगत तपासी ल्या ना, काय शे ते कळी जाई." म्हणजे रक्त मशीनमध्ये टाकलं की आजाराचं नाव कागदावर छापून येतं अशी आपली पक्की समजूत आहे, आणि ती फक्त खेड्यातल्या लोकांची आहे असं अजिबात नाही, पुण्यात आयटीत असलेला मुलगा घरी फोन करून हेच सांगतो की आप्पांच्या सगळ्या टेस्ट करून घ्या. मी फिजिशियन आहे, म्हणजे मोठ्या माणसांचे ताप, शुगर, बीपी, हार्ट, लिव्हर, किडनी बघणारा एमडी मेडिसिनवाला, आणि मला मनापासून वाटतं की टेस्ट कशी वाचायची हे पेशंटलाही कळलं पाहिजे, कारण त्यावरून चुकीचं औषध सुरू होतं ते त्याच्याच पोटात जातं आणि पैसेही त्याच्याच खिशातून जातात.

मुद्दा एकच आहे. टेस्ट आजार सांगत नाही. टेस्ट आपला संशय वाढवते किंवा कमी करते, बस. टेस्टच्या आधी संशय किती होता हे माहीत नसेल तर रिपोर्टला काही अर्थच राहत नाही. चैत्रात सातपुड्यावर ढग आले म्हणून कोणी पेरणीला निघत नाही, आणि तेच ढग मृगात आले की सगळे आभाळाकडे बघायला लागतात, ढग तेच असतात पण आधीची अपेक्षा वेगळी असते म्हणून अर्थ वेगळा निघतो. पॉझिटिव्ह रिपोर्टचंही अगदी तसंच आहे.

आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे विडाल टेस्ट. ताप आला, विडाल केली, पॉझिटिव्ह आली, टायफाइड झाला, सलाईन लावा, हे चक्र वर्षानुवर्षं चालूय. ही टेस्ट फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली आणली. त्यात टायफाइडचा जंतू शोधतच नाहीत! मेलेल्या जंतूंचं तयार द्रावण असतं, त्यात पेशंटच्या रक्तातलं सीरम घालतात आणि बारीक गुठळ्या होतात का ते बघतात, गुठळ्या झाल्या म्हणजे त्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, रक्तात आहेत एवढंच कळतं. पण या अँटीबॉडी तीन वर्षांपूर्वीच्या टायफाइडच्याही असू शकतात, लसीमुळेही असू शकतात, त्याच कुळातल्या दुसऱ्या जंतूमुळेही असू शकतात, मलेरियातसुद्धा विडाल खोटी पॉझिटिव्ह आलेली दिसते. आणि ज्या भागात टायफाइड कायमचाच आहे तिथे ठणठणीत माणसाच्या रक्तातही थोड्याफार अँटीबॉडी सापडतातच, त्यामुळे रिपोर्टवर १:८० (म्हणजे सीरम ऐंशीपट पातळ करूनही गुठळ्या झाल्या) दिसलं की घाबरून जायचं काहीच कारण नाही. उलट खरोखरचा टायफाइड असेल आणि तापाचा तिसराच दिवस असेल तर शरीराने अँटीबॉडी अजून बनवलेल्याच नसतात, म्हणजे विडाल निगेटिव्ह. शास्त्राप्रमाणे बघायचं तर दहा-चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन आकडा चौपट वाढला का हे बघायला पाहिजे, पण तोपर्यंत पेशंट एकतर बरा झालेला असतो नाहीतर फार आजारी पडलेला असतो.

टायफाइडची खरी टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातून जंतू वाढवून बघायचा. त्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, खरा टायफाइड असूनही बऱ्याच लोकांचं कल्चर निगेटिव्ह येतं, आणि आधीच मेडिकलवरून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेतल्या असतील तर जंतू सापडायची शक्यता आणखी कमी होते. म्हणून डॉक्टर विचारतो ना की काही गोळ्या घेतल्या का, तेव्हा तो रागवायला विचारत नाही. कल्चरमध्ये जंतू वाढला तर दुसरा मोठा फायदा म्हणजे कोणतं औषध त्याला मारतं तेही कळतं, कारण आपल्या देशात टायफाइडचा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला बऱ्याच ठिकाणी दाद देईनासा झालाय.

आता थोडं गणित करू, घाबरू नका, चौथीच्या पोरालाही जमेल असं आहे. समजा एक टेस्ट आहे, ती आजारी माणसांपैकी शंभरात नव्वदांना बरोबर पकडते आणि आजार नसलेल्यांपैकी शंभरात नव्वदांना बरोबर सोडून देते. हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, पण बऱ्यापैकी चांगली टेस्ट म्हणायला हरकत नाही. एका बाजूला १००० माणसं घ्या ज्यांना कालपासून ताप आहे, नाक वाहतंय, घसा दुखतोय. यांच्यात टायफाइड कितीसा असणार, समजा १० जण. त्या १० पैकी ९ जण पॉझिटिव्ह येतील. पण उरलेल्या ९९० पैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जण, आजार नसताना पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यात खरे ९. म्हणजे हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन बसलेल्या बारा माणसांमागे जेमतेम एकाला टायफाइड आहे, बाकी अकरा जण फुकट अँटिबायोटिक घेणार. आता दुसऱ्या बाजूला वेगळी १००० माणसं घ्या, सात दिवस झाले, ताप रोज थोडा थोडा चढत गेलाय, सर्दी नाही खोकला नाही, जिभेवर पांढरा थर आहे, पोट बिघडलंय, मलेरिया आणि डेंग्यू बघून झालेत. यांच्यात समजा ४०० जणांना टायफाइड आहे. त्यातले ३६० पॉझिटिव्ह येतील, आणि टायफाइड नसलेल्या ६०० पैकी ६० खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण ४२० मध्ये ३६० खरे, म्हणजे शंभरात पंच्याऐंशीच्या वर. टेस्ट तीच, लॅब तीच, फक्त रक्त कोणाचं काढलं ते वेगळं.

ह्या हिशोबामागचं सूत्र थॉमस बेज नावाच्या इंग्लंडमधल्या एका पाद्र्याचं, तो वारल्यानंतर १७६३ मध्ये ते छापलं गेलं. आणि हे फक्त सामान्य माणसालाच अवघड जातं असं समजू नका. १९७८ मध्ये हार्वर्डच्या हॉस्पिटलांमधल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना विचारलं होतं की एक आजार हजारात एकाला होतो, टेस्ट निरोगी माणसांमध्ये पाच टक्के वेळा खोटी पॉझिटिव्ह येते, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला खरंच आजार असण्याची शक्यता किती. उत्तर आहे साधारण दोन टक्के. ६० पैकी ११ जणांनी बरोबर सांगितलं, आणि सगळ्यात जास्त लोकांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. एवढ्या मोठ्या ठिकाणच्या लोकांची ही गत, तर रिपोर्ट बघून घरच्यांची झोप उडते यात नवल ते काय.

बरं मग डॉक्टर टेस्ट कधी करतो आणि कधी नाही करत? १९८० मध्ये पॉकर आणि कॅसिरर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी याचा फार सुंदर विचार मांडला. त्यांनी दोन उंबरठे सांगितले. संशय खालच्या उंबरठ्याच्याही खाली असेल तर टेस्टही नको आणि औषधही नको, कारण पॉझिटिव्ह आली तरी आपण तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. संशय वरच्या उंबरठ्याच्या वर असेल तर टेस्टची वाट न बघता औषध सुरू, कारण निगेटिव्ह आली तरी आपण औषध थांबवणार नाही. टेस्टची खरी जागा मधल्या पट्ट्यात, जिथे रिपोर्ट इकडचा तिकडे झाला तर निर्णयही इकडचा तिकडे होतो. आणि हे उंबरठे सगळ्या आजारांना सारखे नसतात. औषध सुरक्षित असेल आणि उशीर जीवावर बेतणारा असेल तर वरचा उंबरठा खाली येतो, औषध लांबलचक किंवा त्रासदायक असेल तर तो वर जातो.

वरचा उंबरठा खाली येतो म्हणजे काय ते बघायचं तर मे महिन्यातला उष्माघात आठवा. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, दुपारी वीटभट्टीवरचा किंवा केळीच्या बागेतला माणूस आणतात, अंग भट्टी, काहीतरी असंबद्ध बडबडतोय, ओळखत नाही. इथे आधी सोडियम, किडनी, सीटी स्कॅन असं करत बसायचं नसतं. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, एवढं दिसलं की कपडे काढा, थंड पाणी मारा, पंखा लावा, बर्फ लावा, मिनिटामिनिटाला मेंदू आणि लिव्हरचं नुकसान होत असतं. रक्त त्याच वेळी काढून ठेवायचं, रिपोर्ट मागून येऊ दे. तो ताप मेंदूच्या मलेरियाचा निघाला तरी अंग थंड केल्याने नुकसान काहीच झालेलं नसतं. आणि हो, उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, गोळी देऊन वाट बघण्यात वेळ घालवू नका.

छातीत दुखण्याचं पण असंच. दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे, आणि त्यात मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या) रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टीची धावपळ लगेच. ट्रोपोनिन कामाला येतं ते ईसीजी गोंधळात टाकणारा असतो तेव्हा, आणि तेव्हाही बऱ्याचदा काही तासांनी परत करावं लागतं कारण दुखायला लागल्या लागल्या ते वाढलेलं नसतं. म्हणून "सकाळी रिपोर्ट नॉर्मल होता, दुपारी अटॅक कसा सांगता" असं विचारतात त्याचं उत्तर हे आहे, एकच रिपोर्ट त्या एका क्षणाचा असतो.

सापाची गोष्ट तर मला फारच महत्त्वाची वाटते, कारण इथे सगळ्यात स्वस्त टेस्ट सगळ्यात मोठा निर्णय देते. कपाशीत निंदताना घोणस चावली किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं. टेस्ट काय, तर साध्या काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की विष अंगात भिनलंय, लगेच अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, सुरू. गोठलं तर पुन्हा पुन्हा तीच टेस्ट करत राहायची. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर रिपोर्ट चुकतो, एवढी बारीक गोष्ट आहे. पण हीच टेस्ट मण्यार चावल्यावर नॉर्मल येते! मण्यारचं विष रक्तावर काम करत नाही, मज्जातंतूंवर करतं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, चावल्याची खूणही धड दिसत नाही, सूज नाही, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, मग पापण्या जड झाल्या, गिळता येईना. अशा माणसाचं रक्त छान गोठलं म्हणून घरी पाठवलं तर त्याचा श्वास बंद पडू शकतो. इथे टेस्टपेक्षा पापण्यांकडे बघणारा डोळा मोठा.

उंबरठा वर जाण्याचं उदाहरण टीबीचं. साधारण सहा महिने औषधं, लिव्हरवर परिणाम व्हायची शक्यता, घरात आणि गावात होणारी कुजबुज वेगळीच, त्यामुळे नुसता खोकला लांबला म्हणून टीबीचं औषध देता येत नाही, बेडक्यात जंतू शोधायलाच पाहिजे. त्यासाठी सरकारी दवाखान्यात सीबीनॅट टेस्ट फुकट होते, दोनेक तासांत मशीन सांगतं की टीबीचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का. पूर्वी टीबीसाठी रक्तातल्या अँटीबॉडीच्या टेस्ट सर्रास चालायच्या, त्या इतक्या बेभरवशाच्या निघाल्या की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका म्हणून सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदीच घातली. चुकीची टेस्ट ही टेस्ट न करण्यापेक्षा वाईट असते हे त्या बंदीतून सरळ दिसतं.

एमडी मेडिसिनच्या परीक्षेत नेमकं हेच तपासतात. विद्यार्थ्याला वॉर्डात एक पेशंट देतात, त्याची हिस्टरी घ्यायची, तपासायचं आणि मग परीक्षकांपुढे उभं राहायचं. निदान काय हे तर विचारतातच, पण खरी कसोटी पुढे लागते, हेच का, दुसरं काय असू शकतं, पहिली टेस्ट कोणती करशील, ती निगेटिव्ह आली तर काय करशील. ज्याने पाठांतर केलंय तो दहा टेस्टची नावं धडाधड सांगतो आणि शेवटच्या प्रश्नाला अडकतो.

आता पॅकेजबद्दल बोलतो, कारण हल्ली दिवाळीच्या ऑफरसारखे फुल बॉडी चेकअपचे मेसेज येतात, साठ टेस्ट अमुक रुपयांत. बहुतेक टेस्टची नॉर्मल रेंज कशी ठरते माहितीये का, निरोगी माणसं घेतात आणि त्यांच्यातल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे नॉर्मल धरतात. म्हणजे व्याख्येनेच निरोगी माणसांपैकी पाच टक्के रेंजच्या बाहेर. एका धडधाकट माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर त्यातली किमान एक तरी बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के निघते, साठ टेस्ट केल्या तर ९५ टक्के. मग रिपोर्टवर तो एक आकडा ठळक अक्षरात येतो, माणूस गूगल करतो, सोनोग्राफी होते, त्यात आणखी काहीतरी बारीक दिसतं, सीटी होतो, आणि ज्याला काहीच झालेलं नव्हतं तो पेशंट होऊन बसतो. मी तपासण्यांच्या विरोधात नाही बरं का, चाळिशीच्या माणसाने बीपी मोजावं, शुगर बघावी, तंबाखू खाणाऱ्याने तोंड दाखवावं, बायकांनी गर्भाशयाच्या तोंडाची आणि स्तनांची तपासणी करावी, ह्या ठरवून केलेल्या तपासण्या आहेत, त्या सोडूच नका.

आणखी एक गोष्ट नंदुरबारकडची, जी मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्याही पटकन लक्षात येत नाही. धडगाव, अक्कलकुवा भागात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत आहे. शुगरची तीन महिन्यांची टेस्ट म्हणतो ती एचबीएवनसी, ती मोजते लाल पेशींना चिकटलेली साखर, आणि हिशोब असा धरलेला असतो की लाल पेशी १२० दिवस जगते. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाची लाल पेशी दहा-वीस दिवसांत मरते, तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे शुगर वाढलेली असूनही एचबीएवनसी छान दिसते. उलट लोह कमी असल्यामुळे रक्त कमी झालेल्या बाईची एचबीएवनसी शुगर नसताना थोडी जास्त दिसू शकते. आकडा मशीनने बरोबरच मोजलाय, पण ज्या गृहीतावर तो उभा आहे तेच या माणसाला लागू नाही. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साधी शुगरच खरी. आणि सिकलसेलची जी पहिली झटपट टेस्ट शिबिरात करतात, सोल्युबिलिटीची, ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच आहे असं नाही, तो माणूस नुसता वाहकही (आई-बापांपैकी एकाकडूनच दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला) असू शकतो, ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनच्या पुढच्या टेस्ट केल्यावरच कळतं. त्या एका अर्धवट रिपोर्टवरून सोयरीक मोडलेली बघितली की फार वाईट वाटतं.

मग पेशंटने काय करायचं? दवाखान्यात येताना जुन्या फायली आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा, ताप किती तारखेला सुरू झाला ते नीट आठवून सांगा, कारण दिवसावरून टेस्ट ठरते, डेंग्यूची एनएस वन (विषाणूचा अंश शोधणारी टेस्ट) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी आणि आयजीएम (अँटीबॉडी बघणारी) त्यानंतर. आणि टेस्ट लिहून दिली की न लाजता विचारा, "साहेब, हे पॉझिटिव्ह आलं तर काय कराल आणि निगेटिव्ह आलं तर काय कराल?" दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती टेस्ट कशाला करायची हे पुढे विचारता येतं. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

पण हाच नियम उलट्या बाजूनेही पाळा. डॉक्टर म्हणाला की आज काही तपासायची गरज नाही, पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, परवा या, तर "काहीच केलं नाही" म्हणत लगेच दुसरीकडे जाऊ नका, त्याने निर्णय घेतलेला आहे. फक्त थांबायचं म्हणजे कशावर लक्ष ठेवायचं ते विचारून घ्या. डेंग्यूचा संशय असेल तर कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, आणि हे ध्यानात ठेवा की धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरताना येतो, घरचे बरं वाटलं म्हणून निर्धास्त होतात तेव्हाच. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आल्या म्हणून कोणी मरत नाही, रक्तस्राव नसेल तर दहा हजारांपर्यंत प्लेटलेट चढवायची सहसा गरज पडत नाही. बघायचं ते हे: पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून नाकातून रक्त, शौचाला काळं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, माणूस सुस्त होणं किंवा चिडचिड करणं. यातलं एक जरी दिसलं तर परवाची वाट बघू नका, रिपोर्ट कालचा कितीही चांगला असला आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी तसंच उचलून दवाखान्यात आणा.